बंटीची जन्मवेळ

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या साडूंनी अर्धा कप स्वतःच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडला होता. फजिती माणसाची होतेच हो, कुणाची होत नाही? पण गल्लीतली फजिती गल्लीत राहते. मी माझी फजिती थेट कॅनडापर्यंत पोचवली, आणि तीही घरबसल्या, दिंडोरी रोडवरच्या आमच्या कॉलनीतून.

मी भास्कर. मूळ निफाड तालुक्यातल्या सायखेड्याचा, पण आता निम्म्याहून जास्त आयुष्य नाशकातच गेलं. ठिबकच्या नळ्या, फवारणीचे पंप, असल्या शेतीच्या सामानाचं माझं दुकान आहे. गिऱ्हाईक सगळं शेतकरी. माल आज न्यायचा, पैसे द्राक्षं गेल्यावर द्यायचे. कुणाला माल सोडायचा आणि कुणाला गोड बोलून परत पाठवायचं, हे मी माणसाच्या तोंडाकडे बघून ठरवतो. माणूस ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं मी चारचौघांत सांगत असे. हल्ली सांगत नाही.

माझी एकुलती एक मुलगी ऋतुजा. कॅनडात शिकायला गेली आणि तिथेच एका बिस्किटांच्या कंपनीत, प्रयोगशाळेत लागली. आता त्या दिवसांत तिकडे नेमकं काय चाललं होतं, ते तुम्हाला आधीच सांगून टाकतो. मला ते फार उशिरा कळलं. पण तुम्हाला माहीत असलं म्हणजे माझा मूर्खपणा पहिल्यापासून नीट बघता येईल.

ऋतुजा राहत होती ते घर मालकाने विकायला काढलं होतं. महिनाअखेर खोली सोडायची होती आणि थंडी तोंडावर आली होती. नवीन खोली बघायला गेली की जो तो एकच विचारायचा, तुमची क्रेडिट हिस्ट्री काय? म्हणजे या देशात तुम्ही उधारी घेतली का, घेतली तर वेळेवर फेडली का, याचा इतिहास. आता नव्या देशात गेलेल्या पोरीला इतिहास कुठून असणार? म्हणून तिने तिथल्या बँकेत स्वतःचे पैसे अडकवून ठेवले, त्यावर एक कार्ड घेतलं, त्या कार्डावर दूध-पाव आणायचा आणि दर महिन्याला बिल वेळेवर भरायचं, असं आठ-नऊ महिने चालवलं होतं.

कार्डाचं तेवढं मला तिने सांगितलं होतं बरं का. मी काय म्हणालो असेन? “अगं, आपलेच पैसे ठेवायचे, त्यावर उधार घ्यायचं आणि फेडून दाखवायचं? हे म्हणजे स्वतःच्याच घरी पाहुणा म्हणून जाऊन आमटीची तारीफ करण्यासारखं झालं. फाडून टाक ते कार्ड. आपल्या घराण्यात कुणी कार्ड वापरलेलं नाही.”

“बाबा,” ती म्हणाली होती, “तिथे किराणावाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे मला तुमची मुलगी म्हणून ओळखतात. इथे मी कुणाचीच मुलगी नाही.”

हे वाक्य मी त्या वेळी ऐकून सोडून दिलं.

तर एके दिवशी तिने मला व्हॉट्सअॅपवर बोललेला निरोप पाठवला. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीचे दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एका कानाने मी निरोप ऐकायला लागलो. “बाबा, ऐका. एक मंगलाताई म्हणून आहेत, मूळच्या आपल्या पंचवटीच्या. पंचवटीत त्यांच्या भावाचं भांड्यांचं दुकान आहे. त्या तुम्हाला फोन करतील, माझ्याबद्दल चौकशी करतील. माझं सगळं त्यावर अवलंबून आहे, तर प्लीज नीट बोला. त्यांचं असं आहे की...”

एवढ्यात ओझरकडचा एक शेतकरी नळीचं बंडल मागायला लागला आणि मी फोन खिशात टाकला. पुढचं ऐकायचं राहिलं. खरं सांगू? पुढचं ऐकायची गरजच वाटली नाही. लग्नाच्या वयाच्या मुलीच्या बापाला कळलं की एक मराठी बाई आपल्या मुलीची चौकशी करायला फोन करणार आहे, तर तो काय समजेल? तुम्ही काय समजला असता?

तेच मी समजलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन वाजला. आमची सौ. सुनंदा मिक्सरवर चटणी वाटत होती. मी हाताने खूण करून मिक्सर बंद करायला लावला आणि शर्टाचं वरचं बटण लावलं. साधाच फोन होता, समोरचं माणूस दिसत नव्हतं. तरी लावलं.

“ऋतुजाचे वडील का? मी मंगला बोलतेय, कॅनडातून. कागदावर सगळं असतंच हो, पण घरच्यांशी बोललेलं बरं, म्हणून फोन केला.”

“अगदी योग्य केलंत ताई. आम्हीही त्याच विचाराचे आहोत.”

“मुलगी स्वभावाने कशी आहे?”

“गाय आहे, गाय.”

सुनंदाने माझ्याकडे असं बघितलं की मला तोंड फिरवावं लागलं. आमच्या गाईने कॉलेजात असताना छेड काढणाऱ्या एका मुलाला त्याच्याच हेल्मेटने बडवलं होतं. पण असल्या गोष्टी पहिल्या फोनवर कुणी सांगतं का?

“स्वयंपाक घरी करते का? म्हणजे फोडण्या-बिडण्या?” मंगलाताईंनी विचारलं.

“करते म्हणजे काय! तिने मिरचीचा ठेचा केला की सगळ्या कॉलनीला ठसका लागतो.”

“अरे बापरे,” मंगलाताई म्हणाल्या. मी ते कौतुक समजलो. त्यांच्या डोळ्यांसमोर छताला लावलेला धुराचा अलार्म होता, हे मला काय माहीत?

“आणि येणारं-जाणारं कुणी? पाहुणेरावळे?”

“ताई, आमचं घर कायम भरलेलं. वीस माणसं आली तरी पोरीच्या कपाळाला आठी पडत नाही. आणि आम्ही सगळे येणारच आहोत ना तिकडे. मी, तिची आई, तिची आत्या, सायखेड्याची मंडळी. चांगले दोन महिने राहणार.”

“सगळे? इथे?”

“मग हो! तुमचं घर ते आमचंच घर आता.”

तिकडे जरा वेळ शांतता होती. मला वाटलं, बाईंना भरून आलं.

“बरं, व्यवहाराला कशी आहे? काही कर्ज, कार्ड वगैरे?”

या प्रश्नाची तर मी वाटच बघत होतो. आवाज आणखी खणखणीत केला. “एक रुपयाचं कर्ज नाही, ताई. कार्डाला मी हात लावू देत नाही. मध्ये एक घेतलं होतं तिने, पण मी म्हटलं, फाडून टाक.”

“म्हणजे कार्ड बंद केलं तिने?”

“केलंच असणार. माझ्या शब्दाबाहेर नाही ती.”

आता तुम्हीच बघा. पोरीने महिनोन् महिने जपून जो एक पुरावा उभा केला होता, तो मी एका वाक्यात पुसला, आणि वर छाती फुगवून सुनंदाकडे बघितलं.

“बरं, किती दिवसांसाठी विचार आहे?” मंगलाताईंचा आवाज आता बारीक झाला होता.

“किती दिवस म्हणजे? आमच्यात मुलगी एकदा दिली की कायमची. ती काही परत यायची नाही.”

मुलगा काय करतो, हे मी विचारलं नाही. पहिल्याच फोनवर मुलीच्या बापाने मुलाचा पगार विचारायचा नसतो, एवढी रीत मला कळते. आडून विचारलं, “तुमच्याकडे घरात कोण कोण असतं?”

“मी आणि बंटी. बंटी जरा घुमा आहे, कुणाजवळ फारसा जात नाही. पण ऋतुजा घर बघायला आली ना, तर पहिल्याच दिवशी तिच्याशी जमलं त्याचं. मलाच नवल वाटलं.”

बास. मला आणखी काही ऐकायचंच नव्हतं. विचार करून कळवते म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि मी सुनंदाला म्हणालो, “पेढे सांग.”

“अहो, आधी ऋतूला तरी विचारा. मला त्या बाईंचा आवाज काही बरा वाटला नाही.”

“तू बाई आहेस म्हणून तुला तसं वाटतं. मी धंद्यातला माणूस आहे. आवाजावरून ओळखतो.”

संध्याकाळी ऋतुजाचाच फोन आला. तिकडे तिची सकाळ होती आणि ती कामावर निघाली होती. “बाबा, झालं बोलणं? काय म्हणाल्या?”

“सगळं छान झालं. तू आता फक्त आवराआवर करायची.”

“खरंच? बाबा, मला काळजीने काही सुचत नव्हतं हो. थँक्यू.”

तिचा आवाज इतका हलका झाला होता की मलाही भरून आलं. म्हटलं, विचारूनच टाकू. “आणि बंटी कसा वाटला तुला?”

“बंटी? किती गोड आहे!” ती हसायला लागली. “खरं सांगू, मला घरापेक्षा तोच जास्त आवडला. बाबा, बस आली, ठेवते.”

बघा. याच्यानंतर कुठला बाप थांबेल?

मी कामाला लागलो. चांदवडला माझ्या थोरल्या बहिणीला, शकूअक्काला फोन केला. ती कांद्याच्या लागणीची बायकांची टोळी तशीच शेतात सोडून पुढच्या एस.टी.ने आली. ऋतुजाचा येवल्याच्या पैठणीतला फोटो शोधला. पत्रिका काढली. दोन्ही मंगलाताईंना पाठवून दिलं आणि खाली टाइप केलं, “बंटीची जन्मवेळ व जन्मठिकाण कृपया कळवावे.”

तिकडून बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं ते असं. “माहीत नाही. तो मला इथल्या एका दुकानाच्या पार्किंगमध्ये सापडला. थंडीत कुडकुडत होता. डॉक्टर म्हणाले, वर्षभराचा असेल. पण तुम्हाला का हवंय?”

मी मजकूर मोठ्याने वाचला. सुनंदा खुर्चीत बसली. मीही बसलो. सापडलेला मुलगा. आई-बाप ठाऊक नाहीत, कुळ ठाऊक नाही. मी खोटं बोलणार नाही, माझ्या मनात नको ते विचार येऊन गेले. नातेवाईक काय म्हणतील, तेही येऊन गेलं.

पण शकूअक्काने पदर खोचला. “काय रे भास्कर, तोंड का पाडलं? उघड्यावर पडलेलं लेकरू त्या बाईनं उचललं, पोटाशी धरलं, वाढवलं. लय मोठ्या मनाची बाई हाय ती. अशा घरात आपली पोरगी सुखात नाय राहणार तर कुठं राहील? जात-बित काय इचारू नको आता.”

“तसं नाही अक्का, पण...”

“पण नाय अन् बिन नाय. पोरीला आवडला ना? मंग तू कोण?”

आता सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मी स्वतःवर फार खूश झालो. म्हटलं, एवढा पुढारलेला बाप सबंध निफाड तालुक्यात शोधून सापडायचा नाही. सुनंदाचेही डोळे ओले झाले. मी मंगलाताईंना उत्तर लिहिलं. “आम्हाला त्याच्या जन्माबद्दल काहीच अडचण नाही. बंटीला आम्ही पोटच्या मुलासारखं मानू. तो आमच्याकडे दिवाळीला आला तर आम्हाला आनंदच होईल.”

यावर मंगलाताईंनी नुसते जोडलेले हात पाठवले.

पण मन कितीही मोठं केलं तरी रीत ती रीत. त्यांनी आपली चौकशी केली, आपणही त्यांची करायला हवी. बाईंच्या भावाचं दुकान पंचवटीत आहे, एवढं निरोपातून कळलेलं होतंच. दोन दिवसांनी अक्काला स्कूटरवर मागे बसवलं, तिच्या मांडीवर पेढ्यांचा पुडा दिला, आणि रिक्षांच्या गर्दीतून वाट काढत, दोन-तीन ठिकाणी विचारत तांब्या-पितळेच्या त्या दुकानात पोचलो.

गल्ल्यावर सत्तरीचे एक गृहस्थ चिंचेने ताम्हण घासत बसले होते. दिनकरराव, मंगलाताईंचे थोरले भाऊ. मी नाव सांगितलं मात्र, त्यांनी ताम्हण खाली ठेवलं.

“दिंडोरी रोडचे भास्करराव? या या. मी कालच तुमच्याकडे येऊन गेलो.”

“आमच्याकडे?”

“म्हणजे तुमच्या कॉलनीत. मंगला म्हणाली, दादा, फोनवरून मला त्या माणसाचा काही अंदाज येईना, जरा जाऊन विचारून ये.”

मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. दोन्हीकडची माणसं रीतीची निघाली. मी म्हटलं, “मग? काय म्हणाले लोक?”

“ते मंगलालाच सांगेन. तुम्ही कसे आलात?”

शकूअक्का पुढे सरकली. “आम्ही बंटीचं इचारायला आलो.”

“बंटीचं?” दिनकररावांनी चष्मा वर केला. “विचारा की.”

“कामधंदा काय करतो?”

“कामधंदा? दिवसभर खिडकीत झोपलेला असतो.”

अक्काने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “रात्रपाळी असेल.”

“रात्री तर पूर्वी घरातच नसायचा,” दिनकरराव म्हणाले. “शेजारपाजारच्यांशी मारामाऱ्या. एक कान फाटलाय त्यातच. मग मंगलाने डॉक्टरकडे नेऊन त्याचं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हापासून शांत झालाय बिचारा.”

“ऑपरेशन?” अक्का टेकायला स्टूल शोधू लागली. “कसलं ऑपरेशन?”

“अहो, बोक्यांचं करतात ते.”

पंचवटीत तेव्हा काय काय आवाज चालू असतील. रिक्षांचे हॉर्न, देवळातली घंटा, भाजीवाल्यांचा ओरडा. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. अक्काने पेढ्यांचा पुडा पदराखाली घेतला.

“बंटी बोका आहे?” मी विचारलं.

“बोकाच तर. करडा, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. तुम्हाला काय वाटलं?”

“आणि मंगलाताईंचा मुलगा?”

“मंगलाला मूलबाळ नाही हो. आमचे मेहुणे गेले, घर मोठं, म्हणून वरची खोली भाड्याने देते. तुमच्या मुलीने त्या खोलीसाठीच विचारलंय ना?”

मी दुकानाच्या पायरीवरच बसलो. एकेक वाक्य परत येऊन मला टोचायला लागलं. ठेचा. सायखेड्याची मंडळी. दोन महिने. कायमची. कार्ड बंद. भाडेकरू ठेवणाऱ्या बाईला मी हे सगळं आपण होऊन, अभिमानाने सांगितलं होतं. ऋतुजाचा तो निरोप काढला आणि राहिलेला भाग तिथेच ऐकला.

“...त्यांचं असं आहे की वरची खोली त्या द्यायला तयार आहेत, पण माझी इथली हिस्ट्री त्यांना लहान वाटते. म्हणून घरच्यांशी बोलून ठरवणार आहेत. मला दुसरी खोली मिळालेली नाही, बाबा. त्या कार्डाचं विचारतील. तुमचं त्याबद्दलचं मत मला माहीत आहे, पण एवढं एकदा सांगाच, की मी एकही बिल चुकवलेलं नाही. इथे तेवढी एकच गोष्ट मी स्वतःच्या जिवावर उभी केली आहे.”

मला रडू आलं हो. दुकानात, पितळी घंगाळांच्या मधोमध. आम्ही आपल्याच मुलखात जन्मलो, आम्हाला पत आयती मिळाली. मी माझ्या वडिलांच्या नावावर माल उचलला, ऋतुजाने माझ्या नावावर सायकल दुरुस्त करून घेतली, वाण्याकडून सामान आणलं. तिकडे तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. दूध आणि पाव आणून तिने स्वतःचं नाव तयार केलं, आणि मी ते फाडून टाक म्हणत होतो. त्या पायरीवर मला माझी जेवढी लाज वाटली तेवढाच तिचा अभिमान वाटला.

“फोन लावा ताईंना,” मी दिनकररावांना म्हणालो. “आत्ताच लावा.”

“तिकडे पहाट असेल. पण उठलेली असते ती.” त्यांनी फोन लावला, माझ्या हातात दिला.

“ताई, मी भास्कर. आधी माफ करा. मी तुम्हाला चुकून विहीणबाई समजलो.”

पलीकडे जे हसू फुटलं ते किती तरी वेळ थांबेना. “तरीच!” मंगलाताई म्हणाल्या. “मला वाटलं, मी गेल्यापासून नाशकात भाडेकरूचीही पत्रिका बघायला लागले की काय. आणि बंटीला दिवाळीला कुठे पाठवू, याच विचारात होते मी.”

“ताई, मी त्या दिवशी बोललो त्यातलं, मुलगी चांगली आहे, एवढंच खरं धरा. बाकी सगळं सोडा. कार्ड तिने बंद केलेलं नाही. एकही बिल चुकवलेलं नाही. आम्ही कुणीही राहायला येणार नाही. ठेचाही ती करणार नाही.”

“ठेचा करू दे हो,” त्या म्हणाल्या. “खिडकी उघडून करू दे. मीच किती वर्षांत खाल्ला नाही. आणि कार्डाचा रिपोर्ट तिने मला पाठवलाय. छोटा आहे, पण एक डाग नाही त्यावर. मी या देशात आले तेव्हा माझ्याकडे तेवढाही नव्हता. भीती मला तिची नव्हती, भास्करराव, तुमची होती. म्हणून तर दादाला पाठवलं. दादा आहे का तिथे? कॉलनीत काय म्हणाले रे?”

दिनकररावांनी फोन स्पीकरवर टाकला आणि घसा साफ केला. आमच्या कॉलनीतही सगळ्यांना ही लग्नाचीच चौकशी वाटली होती, दुसरं काय वाटणार? त्यामुळे समोरच्या वहिनींनी ऋतुजाला सुगरण केलं होतं, वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी तिला दहावीत बोर्डात आणलं होतं.

“पण मला खरं वाटलं ते पिठाच्या गिरणीवाल्याचं,” दिनकरराव म्हणाले. “तो म्हणाला, मुलगी सोनं आहे. डोळे झाकून घ्या. वडील जरा आगाऊ आहेत, पण लांब राहणार असतील तर चालून जाईल.”

“लांब आहेत ना?” मंगलाताई म्हणाल्या. “मग दिली खोली.”

शकूअक्काने पदराखालून पेढ्यांचा पुडा काढला आणि दिनकररावांच्या पुढे धरला. “घ्या. सोयरीक नाय तर नाय, पोरीला छप्पर तर मिळालं.”

ऋतुजाला सगळा प्रकार कळला तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग एक फोटो आला. बाहेरून बर्फ साचलेली खिडकी, खिडकीत तिची नवीन उशी आणि उशीवर फाटक्या कानाचा एक करडा बोका. खाली लिहिलं होतं, “तुमचे जावई. निर्व्यसनी आहेत.”

हा फोटो माझ्या दुकानात गल्ल्यामागे लावलेला आहे. गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा मी विषय बदलतो.

थांबा, उठू नका. फजिती अजून संपलेली नाही.

वर्ष झालं या गोष्टीला. ऋतुजाची हिस्ट्री आता चांगली लांब झाली, बँकेने तिला अडकवलेले पैसे परत दिले आणि आपण होऊन मोठं कार्ड दिलं. मीही शहाणा झालो. आता कुणी विचारलंच, तर काय सांगायचं हे मी पाठ करून ठेवलं होतं. आणि परवा दुकानात असतानाच फोन आला. एक बाई होत्या, गोड आवाज. “ऋतुजाचे वडील का? आम्ही सिडकोतून बोलतोय, आमचा मुलगा कॅनडात असतो. मुलीबद्दल जरा विचारायचं होतं.”

म्हटलं, आता फसणार नाही. मंगलाताई घर विकणार असतील, पोरीला दुसरं घर बघायचं असेल, यांच्या मुलाचा तिकडे फ्लॅट असेल. पुडाभर पेढे वाया घालवून शिकलेला माणूस आहे मी.

“विचारायला काही नको, ताई, मीच सांगतो,” मी म्हणालो. “मुलगी बिल वेळेवर भरते. कार्ड चालू आहे, बँकेने लिमिट वाढवून दिलंय. भिंतीला खिळे ठोकत नाही, रात्री गोंगाट नाही, मांजर असलं तरी चालतं. आम्ही घरचे कुणीही राहायला येणार नाही, लिहून देतो. आणि कायमचं वगैरे एकदम ठरवू नका. आधी एक वर्षाचा करार करा. पटलं तर वाढवा, नाही पटलं तर ती महिनाभर आधी सांगून सोडून जाईल. कसली कटकट नाही.”

तिकडे शांतता. ती शांतता माझ्या ओळखीची आहे, हे मला जरा उशिराच जाणवलं.

“अहो,” त्या बाई हळूच म्हणाल्या, “आम्ही लग्नासाठी विचारत होतो.”

मी काही बोलायच्या आत त्यांच्या मागून कुणीतरी खो खो हसायला लागलं. मुलगा सुट्टीला आलेला होता आणि फोन स्पीकरवर होता. त्याने आईच्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, “काका, करार मंजूर आहे. पण डिपॉझिट किती?”

ते दोघं आता एकमेकांशी बोलताहेत. रोज बोलतात म्हणे. ऋतुजा आवाजावरून खुशीत वाटते, असं सुनंदा सांगते. मला तिच्याकडूनच कळतं, कारण दोन्ही घरांनी मिळून एक गोष्ट एकमताने ठरवली आहे. काहीही बोलणी करायची असली तर माझ्या फोनवर करायची नाहीत.